मौन, रंग आणि निवड : गायतोंडे यांच्या स्टुडिओसंबंधी एक वाद

चित्रकाराच्या स्टुडिओत चित्र नेमके केव्हा जन्माला येते, हा सौंदर्यशास्त्रातील जुना प्रश्न आहे आणि त्याची दोन उत्तरे दीर्घकाळ एकमेकांसमोर उभी आहेत. पहिल्या उत्तरानुसार चित्र कलावंताच्या अंतःकरणात आधी सिद्ध होते आणि हात त्याला केवळ दृश्य रूप देतो. दुसऱ्या उत्तरानुसार हात, हत्यार आणि रंगद्रव्य यांच्या व्यवहारातूनच चित्र घडते आणि तो व्यवहार सुरू होण्यापूर्वी चित्र कोठेही नसते. वासुदेव संतू गायतोंडे (१९२४–२००१) यांच्या कार्यपद्धतीइतके या प्रश्नाला थेट भिडणारे उदाहरण आधुनिक भारतीय चित्रकलेत क्वचितच आढळते. मूळच्या गोमंतकीय कुटुंबात नागपूर येथे जन्मलेल्या, मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेतून १९४८ मध्ये पदविका घेतलेल्या आणि १९७२ पासून दिल्लीत राहिलेल्या या चित्रकाराने अत्यंत मोजकी चित्रे केली, आपल्या चित्रांविषयी फार थोडे सांगितले आणि बराच काळ चित्र न काढता बसून राहण्यात घालवला. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने २०१४ मध्ये त्यांचे सिंहावलोकी प्रदर्शन भरवले, तेव्हा त्याच्या शीर्षकातच चित्र म्हणजे प्रक्रिया आणि चित्र म्हणजे जीवन असे दुहेरी सूत्र योजले होते. त्यावरूनही त्यांच्या बाबतीत प्रक्रियेचा विचार किती मध्यवर्ती आहे, हे दिसून येते.

न्यायदर्शनात चर्चेचे प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी जय मिळवण्यासाठी केलेली चर्चा म्हणजे जल्प आणि तत्त्वनिर्णयासाठी केलेली चर्चा म्हणजे वाद. पुढील संवाद या दुसऱ्या अर्थाने वाद आहे. त्यातील अभ्यासक हा सौंदर्यशास्त्राचा जाणकार असून तो चिंतनाला अग्रस्थान देतो. चित्रकार स्वतः तैलरंगात काम करणारा असून तो द्रव्य व हात यांची बाजू मांडतो. दोघेही कल्पित आहेत. त्यांच्यासमोरचा प्रश्न मात्र खरा आहे.

अभ्यासक : गायतोंडे यांच्या प्रक्रियेचा विचार करताना सर्वप्रथम त्यांच्या जीवनक्रमाकडे पाहावे लागते. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून त्यांना झेन विचाराविषयी आस्था वाटू लागली; रमण महर्षी, जे. कृष्णमूर्ती आणि मुंबईतील निसर्गदत्त महाराज यांच्या विचारांकडेही ते ओढले गेले. दिल्लीत निजामुद्दीन भागातील बरसातीत, म्हणजे घराच्या गच्चीवर बांधलेल्या छोट्या खोलीत, त्यांनी जे एकांताचे जीवन स्वीकारले, ते कलेपासून वेगळे काढता येत नाही. चित्र सुरू करण्यापूर्वी ते दीर्घकाळ स्वस्थ बसत, आणि ही स्वस्थता म्हणजे कामाचा अभाव नसून कामाचा प्रारंभच होता. इटालियन तत्त्वज्ञ बेनेदेत्तो क्रोचे यांनी १९०२ मध्ये असे प्रतिपादन केले की कलेचे सार अंतःप्रेरित जाणिवेत असते, ही जाणीव स्पष्ट होणे म्हणजेच अभिव्यक्ती होय, आणि रंग वा दगड यांतील बाह्य वस्तू ही त्या अभिव्यक्तीची केवळ स्मरणसाधन ठरणारी नोंद असते. गायतोंडे यांचा स्टुडिओ हे या मताचे भारतीय प्रमाण मानता येईल.

चित्रकार : आपण जी स्वस्थता सांगितली ती नाकारण्याचे कारण नाही, परंतु तिचे जे एकच कारण आपण दिले, ते अपुरे आहे. तैलरंग पाण्याच्या रंगासारखा बाष्पीभवनाने वाळत नाही. त्यातील जवसाचे तेल हवेतील ऑक्सिजन शोषून घेते आणि रासायनिक क्रियेने घट्ट होते, आणि या क्रियेला थराच्या जाडीनुसार व रंगद्रव्यानुसार काही दिवस, कधी आठवडे लागतात. मँगनीजयुक्त अंबर लवकर वाळतो, इतर कित्येक रंग पुष्कळ रेंगाळतात. खालचा थर पुरता स्थिरावण्यापूर्वी वर वेगळ्या गुणाचा थर चढवला, तर पुढे पृष्ठभागाला तडे जातात. थरावर थर चढवणाऱ्या चित्रकाराला थांबावेच लागते, आणि या थांबण्यात पाहणे आपोआप घडते. आध्यात्मिक म्हणून ज्या प्रतीक्षेचे वर्णन होते, तिचा निदान काही भाग तेलाच्या स्वभावातून आलेला आहे.

अभ्यासक : तेलाचा स्वभाव सर्व तैलचित्रकारांना सारखाच लागू असतो, तरीही त्यांच्यापैकी बहुतेकांनी एक चित्र वाळत असताना दुसरे हाती घेतले आणि संख्येने विपुल काम केले. द्रव्य प्रतीक्षेला भाग पाडते हे मान्य केले, तरी त्या प्रतीक्षेचा उपयोग कशासाठी करायचा हे द्रव्य सांगत नाही. त्याचप्रमाणे गायतोंडे यांची हत्यारे पाहावीत. कुंचल्याऐवजी त्यांनी रोलर आणि पॅलेट नाइफ, म्हणजे रंग कालवण्याची व पसरवण्याची लवचीक सुरी, यांचा आधार घेतला. रोलर तर घराच्या भिंती रंगवणाऱ्या प्रत्येक कारागिराजवळ असतो. हत्यारातूनच चित्र घडत असते, तर रोलरने रंगवलेली प्रत्येक भिंत विचारात घेण्याजोगी ठरली असती.

चित्रकार : हत्याराचे नाव आणि हत्याराचा वापर यांत अंतर आहे, आणि सर्जन त्या अंतरातच शोधावे लागेल. गायतोंडे यांच्या परिपक्व चित्रांत रंग केवळ चढवलेला नसतो, तो काढूनही घेतलेला असतो. ओल्या थरावर वर्तमानपत्राचे किंवा मासिकाचे फाडलेले तुकडे ठेवायचे, त्यांवर दाब द्यायचा आणि ते उचलताना त्यांच्याबरोबर रंगाचा अंश उचलला जाऊ द्यायचा, अशी ही रीत होती. त्यामुळे खालच्या थराचा उजेड वर येतो, आकाराची कड कापलेली न वाटता विरघळलेली वाटते, आणि खूण कोणी काढली यापेक्षा ती पृष्ठभागातून वर आली असे पाहणाऱ्याला जाणवते. या परिणामाची तंतोतंत कल्पना आधी डोळ्यांपुढे आणणे अशक्य आहे, कारण किती रंग उचलला जाईल हे कागदाचा पोत, थराचा ओलेपणा आणि दाब यांवर अवलंबून असते. कागद उचलल्यावरच चित्रकाराला कळते की काय घडले. आणि जे घडले त्यावर पुढची कृती ठरते. मनात सिद्ध असलेल्या चित्राची नक्कल करायची असेल, तर इतकी अनिश्चित रीत कोणी निवडणार नाही.

अभ्यासक : हा युक्तिवाद बलवान आहे, आणि क्रोचे यांच्या मताचा काटेकोर अर्थ घेतला तर त्यापुढे ते मत टिकणे कठीण आहे. त्यांचाच धागा पुढे नेणारे इंग्रज तत्त्वज्ञ रॉबिन कॉलिंगवुड यांनी १९३८ मध्ये या अडचणीवर मार्ग सुचवला होता. त्यांच्या मते कारागिरीत योजना आणि अंमलबजावणी वेगळी करता येते, जसे सुताराला टेबलाचे माप आधीच ठाऊक असते. कलेत मात्र काय करायचे आहे हे करता करताच उमगते, आणि चित्रकार जितके रंगवतो तितकेच त्याला दिसत जाते. हे मान्य केले तरी एक प्रश्न उरतो. कागद उचलल्यावर जे दिसले ते राखायचे की झाकायचे, हे कोण ठरवते? योगायोग दहा शक्यता पुढे ठेवतो. त्यांतील नऊ नाकारणारी जी दृष्टी आहे, ती कागदातून येत नाही. ती चिंतनातून येते.

चित्रकार : ती दृष्टी पुष्कळ चित्रे पाहिल्यातून आणि पुष्कळ चित्रे केल्यातून येते; आणि गायतोंडे यांच्या बाबतीत तिची वाटचाल त्यांच्या चित्रांतच नोंदलेली आहे. १९५० च्या आसपासच्या त्यांच्या चित्रांत मानवाकृती आहेत, ठळक सपाट रंग आहेत आणि जैन पोथीचित्रे व बसोहली शैलीची लघुचित्रे यांचा अभ्यास उघड दिसतो. त्यानंतर पॉल क्ले या स्विस-जर्मन चित्रकाराच्या प्रभावाने रेषा मोकळी होते आणि आकृती चिन्हांत रूपांतरित होऊ लागते. दशकाच्या अखेरीस आकृती जवळपास लोपते व रंगाचा विस्तार उरतो. या चित्रांना ते स्वतः अवस्तुनिष्ठ म्हणत; म्हणजे ज्यांत बाहेरच्या कोणत्याही वस्तूचे सुलभीकरण केलेले नाही, अशी चित्रे. हा सारा प्रवास पायरीपायरीने झाला. मुंबईत वॉर्डन रोडवरील भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना कामाची जागा होती, तेथेच इतर चित्रकार, नाट्यकर्मी आणि संगीतकार यांचा सहवास होता. १९६४-६५ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कमध्ये त्यांनी समकालीन अमेरिकी चित्रकला प्रत्यक्ष पाहिली. एकांताचा आरंभ होण्यापूर्वीच डोळ्यांची इतकी जडणघडण झालेली होती. त्या जडणघडणीला वगळून सर्व श्रेय मौनाला देणे, हे इतिहासाला धरून नाही.

अभ्यासक : इतिहासाचा आधार घ्यायचा, तर १९८४ चा अपघातही विचारात घ्यावा लागेल. त्यानंतर मोठे कॅनव्हास हाताळणे त्यांना अवघड झाले आणि त्या दशकाच्या मध्यात त्यांनी कागदावर शाईने लहान आकाराची चित्रे केली. तेथे तैलरंग नाही, रोलर नाही, थरांची उकल नाही. तरीही ती चित्रे पाहणाऱ्याला त्याच वृत्तीची खूण पटते. द्रव्य बदलले आणि हत्यार बदलले, पण वृत्ती टिकली. जे टिकले ते मूळ, आणि जे बदलले ते साधन, असे म्हणण्यात कोणती चूक आहे?

चित्रकार : चूक अशी की त्या चित्रांत केवळ साधन बदललेले नाही, चित्राची जातच बदललेली आहे. तैलचित्रांत प्रकाश थरांच्या आतून येतो आणि काळ्या खुणा त्या प्रकाशात तरंगतात. शाईच्या चित्रांत कोरा कागद हाच प्रकाश असतो आणि लिपीसारखी खूण थेट त्याच्यावर उमटते. शाई कागदात तत्काळ शिरते, तेथे दुरुस्तीला वाव नसतो. तैलरंगात मात्र चढवणे, पुसणे, उचलणे आणि पुन्हा चढवणे शक्य असते. म्हणूनच गायतोंडे यांच्या तैलचित्रांना पूर्व आशियातील झेन शाईचित्रांशी सरळ जोडणे दिशाभूल करणारे ठरते. झेन परंपरेतील शाईचित्र एका श्वासातील कृतीवर उभे असते, तर गायतोंडे यांचे तैलचित्र दीर्घकाळ चाललेल्या निवडीवर. झेन विचाराने त्यांना वृत्ती दिली असेल, परंतु पद्धती त्यांना तैलरंगाशी स्वतःच वाटाघाटी करून मिळवावी लागली.

अभ्यासक : तरीही सर्वांत अवघड पुरावा अजून शिल्लक आहे. अखेरच्या वर्षांत त्यांनी चित्रे काढणे जवळजवळ थांबवले होते, आणि भेटीला येणाऱ्यांना ते सांगत की चित्रे मनात चालूच आहेत, केवळ ती कॅनव्हासवर उतरवण्यात शक्ती खर्च करायची नाही. ज्याने सारे आयुष्य रंगाच्या सहवासात काढले, त्याच्या या साक्षीला वजन आहे. चित्र मनात चालू राहू शकत असेल, तर कॅनव्हास हे चित्राचे अपरिहार्य स्थान नव्हे, हे मान्य करावे लागते.

चित्रकार : या साक्षीचा आदर राखूनच तिचा अर्थ लावला पाहिजे. ज्या मनात अखेरपर्यंत चित्रे चालू राहिली, ते कोणाचेही मन नव्हते. अर्धशतकभर रंग कालवलेल्या, थर चढवलेल्या आणि कागद उचललेल्या माणसाचे ते मन होते. तेलाचा थर वाळल्यावर किती गडद होतो, दोन पिवळ्यांतला कोणता खालून झिरपतो आणि कोणता वर बसून राहतो, हे त्या मनाला हाताने शिकवले होते. ज्याने कधी रंग हाताळला नाही, त्याच्या मनात रंगाची अस्पष्ट इच्छा असेल, चित्र नसेल. तात्पर्य, मनातले चित्र हे हाताच्या कामाचे मूळ नसून त्याचे फळ आहे.

अभ्यासक : हे उत्तर पूर्वपक्षाला खरोखर हलवणारे आहे, परंतु त्यातून उत्तरपक्षही जसाच्या तसा उभा राहत नाही. हाताने मनाला शिकवले हे खरे मानले, तर काही काळानंतर तेच शिकलेले मन हाताला आज्ञा देते, हेही खरे मानावे लागेल. येथे प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) यांचे उदाहरण उपयोगी पडेल. कोकणातील नागाव येथे जन्मलेल्या आणि वीव्हर्स सर्व्हिस सेंटरमध्ये वस्त्रांच्या नक्षीचे काम केलेल्या या चित्रकाराची वाट गायतोंडे यांच्याहून वेगळी होती. ते वर्षानुवर्षे डायऱ्या लिहीत आणि त्यांत वस्तू, तिची सावली, तिचा आकार व अवकाश यांविषयीचे विचार शब्दांत व छोट्या रेखाटनांत टिपत. त्यांचे ‘कोरा कॅनव्हास’ हे पुस्तक १९९० मध्ये प्रसिद्ध झाले आणि चित्रकाराने आपल्या प्रक्रियेची मराठीत इतकी सूक्ष्म मीमांसा केल्याचे ते दुर्मीळ उदाहरण आहे. पान, घड्याळ, शंख यांसारख्या साध्या वस्तू त्यांच्या चित्रात येईपर्यंत विचाराच्या अनेक चाळण्यांतून गेलेल्या असतात. तेथे तरी चिंतन आधी आणि रंग नंतर, हा क्रम मान्य करावा लागेल.

चित्रकार : क्रम मान्य केला तरी कारण मान्य होत नाही. बरवे यांनी कॅनव्हासवर इनॅमल रंग, म्हणजे सामान्यतः लाकूडकामाला व लोखंडाला लावला जाणारा चकचकीत रंग, मोठ्या प्रमाणात वापरला. तो सपाट बसतो आणि कुंचल्याची खूण मागे ठेवत नाही; त्यामुळे त्यांच्या वस्तू भारहीन आणि अलिप्त वाटतात. डायरीतील विचार कितीही सूक्ष्म असला, तरी त्या अलिप्ततेचा प्रत्यय डायरी देऊ शकली नाही. तो या रंगाच्या निवडीने दिला. बरवे लिहून विचार करत, गायतोंडे बसून विचार करत. परंतु दोघांच्याही विचाराला चित्राचे रूप मिळाले ते द्रव्याविषयीच्या एका ठाम निर्णयातून.

अभ्यासक : आपण आता निर्णय हा शब्द वापरला आहे, आणि बहुधा तेथेच दोन्ही पक्ष एकमेकांजवळ येतात. निर्णय हा हातही नव्हे आणि मौनही नव्हे. सर्वांत कठीण निर्णय थांबण्याचा असतो. वस्तू दाखवणाऱ्या चित्रात साम्य साधले की थांबावे, असा निदान एक निकष असतो. अवस्तुनिष्ठ चित्रात तोही आधार नाही. बा. सी. मर्ढेकर यांनी आपल्या सौंदर्यविचारात लयतत्त्व मांडले, ज्यानुसार इंद्रियसंवेदनांमधील संवाद, विरोध आणि समतोल या संबंधांतून कलाकृतीची घटना सिद्ध होते. गायतोंडे यांच्या एखाद्या चित्रात तळाशी गडद रंगाचा पट्टा आणि वर विरत जाणारा उजेड असेल, तर त्यातील एक खूण हलवली तरी समतोल ढळेल, अशी अवस्था येते. ती अवस्था ओळखणे हेच चित्र पूर्ण होणे होय, आणि ती ओळखण्यासाठी डोळा अधीरतेपासून मुक्त असावा लागतो. मौनाचे कार्य येथे आहे. ते चित्र देत नाही, पण घाईने केलेल्या निवडीपासून चित्राला वाचवते.

चित्रकार : या मर्यादित अर्थाने मौनाचे स्थान निःशंक मान्य आहे. किंबहुना एक कसोटी लावली तर ते अधिक स्पष्ट होते, आणि ती म्हणजे अनुकरणाची. ज्यांनी गायतोंडे यांचा रोलर आणि कागद उचलण्याची रीत घेतली, त्यांच्या हाती आकर्षक पोत आला, परंतु चित्राची अपरिहार्यता आली नाही. ज्यांनी त्यांचा एकांत आणि अबोलपणा घेतला, त्यांच्या हाती तर पोतही आला नाही. दोन्ही गोष्टी उचलता येतात, आणि तरीही जे उचलता येत नाही तेच सर्जनाचे मर्म असले पाहिजे. ते म्हणजे दीर्घ अभ्यासाने घडलेली विवेकशक्ती, जिला काय ठेवावे आणि काय टाकावे हे कळते.

येथे दोन्ही पक्षांचे म्हणणे पुरे होते. काश्मीरचे आचार्य मम्मट यांनी ‘काव्यप्रकाश’ या ग्रंथात काव्याच्या निर्मितीसाठी तीन गोष्टी सांगितल्या आहेत: शक्ती म्हणजे जन्मजात प्रतिभा, निपुणता म्हणजे लोकव्यवहार, शास्त्रे आणि पूर्वसूरींची काव्ये यांच्या अवलोकनाने आलेली जाण, आणि अभ्यास म्हणजे जाणकारांच्या मार्गदर्शनाने पुन्हा पुन्हा केलेले काम. ही तीन स्वतंत्र कारणे नसून तिन्ही मिळून एकच कारण होते, असा त्यांचा आग्रह आहे, आणि तो चित्रकलेलाही लागू पडतो. अभ्यासकाने केवळ पहिली गोष्ट पाहिली आणि चित्रकाराने केवळ तिसरी, म्हणून वाद उभा राहिला. परंतु दोघांनी मिळून जी विवेकशक्ती अखेर ओळखली, ती तिन्हींच्या संयोगाखेरीज संभवत नाही.

तथापि या समन्वयात दोन्ही बाजू समान वजनाच्या ठरतात असे नाही. चिंतनाचा पुरावा अखेर चित्राच्या पृष्ठभागावरच मिळावा लागतो. कलावंत किती काळ शांत बसला, त्याने कोणाची प्रवचने ऐकली, तो किती विरक्त होता, या माहितीने त्याच्या जीवनाविषयी आदर वाढतो, परंतु चित्राचे मूल्य तिच्यावरून ठरवता येत नाही. ते ठरते थर कसे बसले, रंग कोठे उचलला गेला, कोणती खूण राखली आणि कोणती झाकली यांवरून. गायतोंडे यांच्या भोवती मौनी साधकाची जी प्रतिमा तयार झाली आहे, तिने त्यांच्या कामाकडे लक्ष वेधले हे खरे असले, तरी त्याच प्रतिमेने त्या कामामागील कौशल्य, अभ्यास आणि पुनःपुन्हा केलेली निवड झाकूनही टाकली आहे. ही प्रतिमा कला शिकणाऱ्या तरुणांना विशेष घातक ठरते, कारण ती त्यांना प्रेरणेची वाट पाहण्यास शिकवते आणि पाहण्याचा अभ्यास टाळण्याची सवलत देते.

याउलट केवळ तंत्रावर भर देणारे शिक्षणही अपुरे आहे, कारण तंत्र शक्यता निर्माण करते आणि त्या शक्यतांतून निवड करण्यास लागणारे धैर्य व धीर ते देत नाही. म्हणून कलाशिक्षणात द्रव्याच्या ज्ञानाबरोबरच थांबून पाहण्याला, आपल्याच कामातील चांगले दिसणारे परंतु अनावश्यक ते टाकून देण्याला आणि पूर्वसूरींची मूळ चित्रे प्रत्यक्ष अभ्यासण्याला नियमित स्थान मिळाले पाहिजे. गायतोंडे यांची चित्रे मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील जहांगीर निकल्सन संग्रहात आणि दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहेत. छापील प्रतिकृतीत त्यांचा थरांतून येणारा उजेड सपाट होऊन जातो, त्यामुळे ती संधी मिळेल तेव्हा प्रत्यक्षच पाहावीत, आणि पाहताना चित्रकार कसा जगला या प्रश्नापेक्षा त्याने येथे काय नाकारले असेल हा प्रश्न विचारावा. स्टुडिओत घडणारे सर्जन पाहणाऱ्याला जेवढे कळू शकते, तेवढे या एका प्रश्नाच्या प्रामाणिक शोधातून कळते.